मिस्ट्री ऑडिट: शेड्युलरने फोनवर दिलेली सूट क्वालिटीवाले मानत नाहीत, अशा वेळी काय करायचं?

कृष्णाकाठची (मिरज)

नमस्कार मंडळी. मी मिरजेत राहते. घरी शिवणकाम करते आणि जोडीला मिस्ट्री ऑडिटची कामं घेते, म्हणजे एजन्सीच्या सांगण्यावरून साधं गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं आणि रिपोर्ट द्यायचा. सांगली, मिरज, जयसिंगपूर, तासगाव, कधी कोल्हापूर. कपड्यांची दुकानं, चपलांची दुकानं, मोबाईल शोरूम, पेट्रोल पंप, अधूनमधून बँकेत खातं उघडण्याची चौकशी. काम मला मनापासून आवडतं. दुकानात गिऱ्हाइकाला नीट वागवतात की नाही हे बारकाईनं बघायचं आणि जसं दिसलं तसं लिहायचं, यात मला समाधान आहे. त्रास होतो तो काम देणाऱ्यांशी बोलताना.

आता झालंय ते असं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कपड्यांच्या दुकानाचं काम आलं. ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी सूचनांत, वेळ दिली होती शनिवार किंवा रविवार, संध्याकाळी ६ ते ९. काहीतरी खरेदी करायची, ५०० रुपयांपर्यंतचं बिल परत मिळणार आणि मानधन ४०० रुपये. मी शेड्युलरला, म्हणजे एजन्सीतून कामं वाटून देणाऱ्या बाईला, फोनवर सांगितलं, की नवाच्या पुढं एकटीनं एसटीनं मिरजेला यायचं म्हणजे घरी पोचायला अकरा वाजतात, मला जमणार नाही. महिनाअखेर होती. ती म्हणाली, "मॅडम, चार बजे भी चलेगा, बस आज कर दीजिए." तिच्या शब्दावर मी सव्वाचारला दुकानात गेले. सगळं सांगितल्याप्रमाणं केलं. ट्रायल रूम पाहिली, सेल्सगर्लचं नाव बिल्ल्यावरून टिपलं, ४८० रुपयांची कुर्ती घेतली, बाहेर येऊन लोकेशनसकट फोटो काढला आणि त्याच रात्री रिपोर्ट भरला.

त्यानंतर तीन आठवडे काही नाही. एजन्सीच्या पोर्टलवर आपलं "अंडर रिव्ह्यू". मेसेज केले, उत्तर नाही. मग एक दिवस थेट "रिजेक्टेड", कारण काय तर भेट ठरलेल्या वेळेत नव्हती. फोन केला तर कळलं की ती शेड्युलर नोकरी सोडून गेली. तिच्या जागी आलेला मुलगा म्हणतो, ब्रीफमध्ये लिहिलंय तेच खरं, फोनवर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. म्हणजे मानधन नाही, कुर्तीचे पैसे नाहीत, एसटीचं भाडं तर माझंच.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे पैसे मिळण्याचा काही मार्ग आहे का? पुढं असं होऊ नये म्हणून या लोकांशी बोलायचं कसं? आणि मी जास्त लावून धरलं तर कामं द्यायची बंद करतील का? आमच्या भागात एजन्सी मोजक्याच आहेत, म्हणून ही भीती खरी आहे.

---

संत्रानगरी (नागपूर)

ताई, तुमची काहीही चूक नाही. त्यांच्या माणसानं सांगितलं, तुम्ही केलं.

मी एक पद्धत ठेवली आहे. फोन ठेवला की लगेच त्याच नंबरवर मेसेज टाकतो. "आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे आजची भेट ६ ऐवजी ४ वाजता करतो आहे, बरोबर ना?" समोरून "हो" आलं तरच गाडी काढतो. उत्तर आलं नाही तर जात नाही, मग कितीही घाई असो. विदर्भात एकेक भेट लांब पडते. यवतमाळला जाऊन परत यायचं आणि रिपोर्ट नाकारला तर पेट्रोल कोण देणार?

तुमच्याकडे त्या दिवसाचं काही लेखी आहे का? कॉल रेकॉर्डिंग, मेसेज, काहीही. नीट शोधा.

---

कृष्णाकाठची (मिरज)

रेकॉर्डिंग नाही. पण तुम्ही म्हणालात म्हणून जुने मेसेज चाळले, तर तिचा त्या दिवशी दुपारी ३:५० ला आलेला मेसेज सापडला. "पहुँच गए क्या? साढ़े चार तक बाहर का फोटो भेज देना." त्याखाली ४:४१ ला मी पाठवलेला फोटो आणि तिचा अंगठा. वेळ बदलायला हरकत नाही असं शब्दांत कुठं लिहिलेलं नाही. याचा काही उपयोग होईल?

---

जुनी_शेड्युलर (पुणे)

ताई, खूप उपयोग होईल. तो स्क्रीनशॉट आत्ताच काढून स्वतःला ईमेल करून ठेवा. साडेचारपर्यंत फोटो मागते म्हणजे तुम्ही त्या वेळी तिथं असणार हे तिला माहीत होतं आणि चालणार होतं. एवढं पुरेसं आहे.

मी पुण्यात एका एजन्सीत आधी शेड्युलिंग केलं, नंतर क्वालिटी चेकला गेले. आता ते क्षेत्र सोडलं आहे, म्हणून मोकळेपणानं लिहिते. आतून हे सगळं कसं चालतं ते कळलं की बोलायचं कसं हे आपोआप उमगतं.

ज्या ब्रँडचं दुकान आहे तो क्लायंट. त्याच्याशी बोलणार एजन्सीतला प्रोजेक्ट मॅनेजर. त्याच्या हाताखाली शेड्युलर, ती तुम्हाला काम देते. तुम्ही रिपोर्ट भरलात की तो जातो एडिटरकडे, म्हणजे क्वालिटीकडे. एडिटरनं पास केला की क्लायंटकडे. यात शेड्युलर आणि एडिटर बहुतेक वेळा वेगवेगळ्या शहरांत बसतात, एकमेकींना ओळखतही नाहीत. शेड्युलरवर दडपण असतं ते महिन्याच्या शेवटच्या तारखेला सगळी दुकानं पूर्ण झाली पाहिजेत याचं. माझ्याकडे पश्चिम महाराष्ट्र आणि गोवा असायचं आणि पंचवीस तारखेनंतर शीटमध्ये जितकी नावं लाल दिसायची तितकी झोप उडायची. एडिटरवर दडपण वेगळंच, की क्लायंटनं रिपोर्ट परत पाठवता कामा नये. एकीला आकडा पुरा करायचा असतो आणि दुसरीला चूक पकडायची असते. तुमचं व्हॉट्सॲप एडिटरला कधीच दिसत नाही. तिच्यासमोर एका बाजूला तुमचा फॉर्म आणि दुसऱ्या बाजूला ब्रीफ. बिलावर साडेचारच्या आसपासची वेळ छापलेली, ब्रीफमध्ये ६ ते ९. ती नाकारणारच, आणि तिच्या जागी मी असते तर मीही नाकारला असता.

आता यातली कळीची गोष्ट. ब्रीफमधल्या अटी दोन तऱ्हेच्या असतात. काही एजन्सीच्या स्वतःच्या. रिपोर्ट किती तासांत भरायचा, फोटो कसा हवा, मानधन थोडं वाढवून देता येईल का. या शेड्युलरच्या शब्दावर बदलतात. काही अटी क्लायंटच्या. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या काउंटरवर, काय प्रसंग रचून बोलायचं, याच दुकानात आधी गेलेला शॉपर (म्हणजे तुमच्यासारखं भेट देणारं माणूस) किती महिने चालणार नाही. या अटी बदलायचा अधिकार शेड्युलरला नसतोच. प्रोजेक्ट मॅनेजरनं क्लायंटला विचारावं लागतं. तुमच्या कामात ६ ते ९ वेळ होती, ती बहुधा गर्दीच्या वेळी बिलिंगला किती थांबावं लागतं आणि ट्रायल रूमपाशी कोणी उभं असतं का हे बघायला. चारला दुकान मोकळं असतं, त्यामुळे ते सगळे प्रश्न निरर्थक होतात. शेड्युलरला हे माहीत असणार. तरी तिनं हो म्हटलं, कारण तिची शीट हिरवी व्हायला हवी होती. माझा राग आहे तो याच गोष्टीवर. शॉपरला खोटा दिलासा देऊन पाठवणं हा अन्याय आहे, आणि महिनाअखेरीला तो सर्रास होतो.

म्हणून पुढच्या वेळी कुठलीही सूट मिळाली की एकच प्रश्न विचारा. "ही सूट क्लायंटकडून मंजूर आहे का?" तो लेखी विचारा, पोर्टलच्या मेसेज बॉक्समध्ये. पोर्टलला तसा बॉक्स नसेल तर ईमेलनं, विषयात जॉब नंबर घालून. व्हॉट्सॲप घाईच्या निरोपापुरतं ठेवा. शेड्युलर गेली, फोन बदलला की ते संपतं. पोर्टलवरचं मागं राहतं आणि एडिटरलाही उघडता येतं.

आणि हे तर कधीच चुकवू नका. सूट मिळाली असेल तर ती रिपोर्टमध्येच लिहा, शेवटच्या शेऱ्यात नको, अगदी पहिल्या ओळीत. "शेड्युलिंगच्या अमुक तारखेच्या पोर्टल मेसेजनुसार भेट ४:१५ ला केली." एडिटर ते वाचून नाकारायच्या आधी विचारते तरी.

प्रश्न विचारण्याबद्दल थोडं सांगते, कारण माझ्याकडे रोज जे मेसेज यायचे त्यातल्या बहुतेकांना उत्तर देणं मला शक्यच नसायचं. "मॅडम, ब्रीफ समजलं नाही, फोन करा" असा मेसेज आला तर मी काय करू? मला स्वतःला क्लायंटच्या मनातलं माहीत नसतं. प्रश्न असा लिहा की शेड्युलरला तो जसाच्या तसा वर पाठवता येईल. पेट्रोल पंपाचं उदाहरण घ्या. सोलापूरच्या एका बाईंचा मला मेसेज आला होता. "मी दुचाकीवर जाणार आहे, ब्रीफमध्ये वाहनाची अट नाही. प्रश्न ९ मध्ये विचारलंय, कर्मचाऱ्यानं पुढची काच पुसू का असं विचारलं का. दुचाकीला काच नाही. इथं 'नाही' भरू की 'लागू नाही'? 'नाही' भरलं तर पंपाचे गुण जातील का?" मी तो मेसेज एक अक्षर न बदलता प्रोजेक्ट मॅनेजरला पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, 'लागू नाही' भरा, आणि त्याच आठवड्यात सगळ्यांचं ब्रीफ सुधारून आलं. आधीच्या रिपोर्टांत दुचाकीवाल्यांनी 'नाही' भरलेलं होतं आणि पंपावरच्या मुलांचे गुण विनाकारण गेले होते. आपण भरतो त्या एका चौकोनावर कुणाचा तरी इन्सेंटिव्ह अवलंबून असतो, हे एजन्सीतली माणसं विसरतात. शॉपरनं विसरू नये.

एडिटरची क्वेरी आली की शांतपणे, जे पाहिलं तेवढंच लिहा. "सेल्सगर्लनं ठरलेलं स्वागत केलं का" याला तुम्ही 'नाही' भरलं आणि वर्णनात "हसून बोलली" लिहिलं, तर क्वेरी येणारच. तिथं तिचे शब्द घाला, "या ताई, काय दाखवू?" असं म्हणाली, ब्रँडचं नाव घेतलं नाही. बस. एखादी गोष्ट पाहिलीच नसेल तर "याकडे लक्ष दिलं नाही" असं लिहा, अंदाजानं भरू नका. आणि कोणी एडिटर म्हणाली, की उत्तर 'हो' करून टाका म्हणजे रिपोर्ट जुळेल, तर लिहून कळवा, "मी पाहिलं ते असं. पर्याय कुठला लावायचा ते तुम्ही ठरवा, माझं वर्णन बदलू नका." यानं मी कुणाचं काम बंद झालेलं पाहिलं नाही.

भीतीबद्दल तुम्ही विचारलंत. पुण्या-मुंबईत एका दुकानाला दहा शॉपर उभे असतात. मिरज, सोलापूर, चंद्रपूर, रत्नागिरी इथं एक मिळवताना शेड्युलरच्या नाकी नऊ येतात. नीट लिहिणारा, वेळेत भरणारा शॉपर अशा गावात मिळाला की त्याला सोडायला कुणी तयार नसतं. भांडण करणारा नकोसा होतो हे खरं, पण तारीख-वेळ-पुराव्यासकट मुद्दा मांडणाऱ्याला भांडखोर म्हणत नाहीत. तुम्हाला त्यांची जितकी गरज आहे, तितकीच त्यांना तुमची आहे.

तुमच्या या कामाचं आता असं करा. नव्या शेड्युलरच्या मागं लागू नका, त्याच्या हातात काही नाही. थेट प्रोजेक्ट मॅनेजरला मेल करा, क्वालिटीच्या पत्त्याला प्रत ठेवा. पत्ता बहुतेक ब्रीफच्या शेवटच्या पानावर किंवा नोंदणीच्या वेळी आलेल्या मेलमध्ये असतो. साधारण असं लिहा, इंग्रजीत किंवा हिंदीत, जे सोयीचं असेल ते:

"जॉब नंबर अमुक, कोल्हापूर. वेळेच्या कारणावरून रिपोर्ट नाकारला आहे. भेटीची वेळ आपल्या शेड्युलिंग टीमनं त्याच दिवशी फोनवर बदलून दिली होती. ३:५० चा त्यांचा मेसेज, ४:४१ ला मी पाठवलेला फोटो आणि त्याला मिळालेली पोच सोबत जोडली आहे. ४८० रुपयांची खरेदी आपल्या सूचनेवरून केली, तिची परतफेड रिपोर्टच्या निर्णयापासून वेगळी धरावी. मानधनाबाबत आपला निर्णय लेखी कळवावा. उत्तर कधीपर्यंत मिळेल ते कृपया सांगावं."

खरेदीचे पैसे आणि मानधन या दोन मागण्या वेगळ्या ठेवा. मानधनावर ते वाद घालू शकतात, पण त्यांच्या सांगण्यावरून खिशातून गेलेल्या पैशांवर वाद घालणं त्यांनाही अवघड जातं. कुर्तीला लावलेली किमतीची चिठ्ठी काढू नका, वापरूही नका. कधीकधी ते म्हणतात, वस्तू दुकानात परत करा आणि पैसे घ्या. बिलावर परतीची मुदत छापलेली असते ती बघून ठेवा.

---

हिशेबनीस (ठाणे)

वरच्या ताईंनी आतली बाजू सांगितली, मी कायद्याची बाजू जोडतो. मी छोट्या व्यावसायिकांची करविवरणपत्रं भरतो, त्यात तुमच्यासारखी फ्रीलान्स कामं करणारेही येतात.

२००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा फक्त कारखान्यांसाठी आहे असं लोकांना वाटतं. सेवा देणारी एकटी व्यक्तीही त्यात बसते, सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी असेल तर. नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, कुणा एजंटला पैसे द्यायची गरज नाही. या कायद्यात तुमच्या प्रश्नाशी थेट जुळणारी एक तरतूद आहे. सेवा दिल्यापासून १५ दिवसांत समोरच्यानं लेखी हरकत घेतली नाही, तर सेवा दिली त्याच दिवशी ती स्वीकारली असं धरलं जातं. तुम्ही रिपोर्ट भरला आणि त्यांनी तीन आठवडे तोंडातून शब्द काढला नाही. लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं.

हे सांगताना दोन गोष्टी स्पष्ट करतो. नोंदणी कामाच्या आधीची हवी. आज नोंदणी करून जुन्या कामाला हा कायदा लावायला जाऊ नका. आणि ८८० रुपयांसाठी सुविधा परिषदेपर्यंत (या कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद तिथं जातात) जाणं वेळेच्या आणि दगदगीच्या दृष्टीनं परवडणारं नाही. पण पुढच्या कामांसाठी नोंदणी करून ठेवा आणि मेलमध्ये सहीखाली उद्यम नंबर लिहीत जा. त्यांच्या अकाउंट्स विभागाला त्याचा अर्थ कळतो.

आणखी एक. तुमचा २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणारा आयकर खात्याचा तक्ता, उघडून बघा. एजन्सीनं टीडीएस कापून भरला असेल तर तो तिथं दिसतो. नाकारलेल्या कामाची रक्कम धरून कर भरलेला दिसला, तर त्यांच्या हिशेबात तुमचं मानधन खर्ची पडलेलं आहे आणि तुमची बाजू फार भक्कम होते. दिसला नाही तर काही बिघडलं नाही.

नोंदणी करताना ज्या अटींवर "मान्य" दाबलं, त्या एकदा वाचून काढा. "रिपोर्ट मंजूर झाल्यावरच मानधन" हे वाक्य बहुतेकांच्या अटींत असतं. मंजुरी किती दिवसांत द्यायची हे मात्र क्वचित लिहिलेलं असतं, आणि प्रश्न तोच विचारायला हवा.

---

कृष्णाकाठची (मिरज)

सगळ्यांचे मनापासून आभार. मेल लिहिते आहे. मध्येच एक नवीन प्रकार झाला. आज एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला, की तुमच्या जुन्या शेड्युलर आता आमच्याकडे आहेत, तुमचं नाव त्यांनी दिलं. भेटीमागे १२०० रुपये देऊ, फक्त नोंदणीसाठी ५०० रुपये डिपॉझिट भरा, पहिल्या भेटीनंतर परत मिळतील. नाव, गाव, मी कुठली कामं करते, सगळं त्यांना माहीत आहे. खरं असेल का?

---

परदेशस्थ_नाशिककर (न्यू जर्सी)

ताई, एक रुपयाही भरू नका. मी इथं बरीच वर्षं ही कामं करतो. खरी एजन्सी शॉपरला पैसे देते, शॉपरकडून घेत नाही. मिस्ट्री शॉपिंग कंपन्यांची एमएसपीए नावाची संघटना आहे, तीही शॉपरना हेच सांगते.

इथं फसवणुकीचं रूप जरा वेगळं. घरी मोठ्या रकमेचा चेक येतो, पत्रात लिहिलेलं असतं, हा खात्यात भरा, तुमचं मानधन ठेवून घ्या आणि उरलेल्या पैशांची गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे नंबर आम्हाला कळवा, हीच तुमची पहिली भेट. बँक चेकचे पैसे आधी खात्यात दाखवते, चेक खोटा निघाल्याचं नंतर कळतं आणि भरपाई शॉपरच्या माथी बसते. इथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, यावर अनेकदा इशारे दिले आहेत. भारतात माझ्या भाचीला टेलिग्रामवर असंच गुंतवलं होतं. पहिल्या दोन कामांचे पैसे खरंच दिले, मग "प्रीपेड टास्क" म्हणून तिच्याकडून भरून घ्यायला लागले. वेळेत थांबली म्हणून वाचली.

तुमची माहिती त्यांना आहे यावरून काही सिद्ध होत नाही, शॉपरच्या याद्या इकडून तिकडे जातात. खात्री करायची असेल तर त्या मेसेजला उत्तर न देता एजन्सीच्या वेबसाइटवरून नंबर घेऊन आपण फोन करायचा. आणि कुणाचे पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढं सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त.

इथली एक चांगली पद्धत सांगतो. बऱ्याच कंपन्या प्रत्येक रिपोर्टला १ ते १० गुण देतात आणि एडिटर खाली दोन ओळी लिहितात, काय कमी पडलं ते. त्यामुळे नुसतं "रिजेक्टेड" वाचून बसावं लागत नाही. तुमच्याकडच्या एजन्सीला तुम्ही हे सुचवू शकता. निदान तुमच्यापुरतं तरी विचारत चला, "या रिपोर्टमध्ये काय सुधारायला हवं होतं?"

---

कृष्णाकाठची (मिरज)

त्या नंबरला ब्लॉक केलं. एजन्सीच्या ऑफिसला फोन करून विचारलं, त्यांना त्यातलं काही माहीत नाही.

मेलला उत्तर आलं. प्रोजेक्ट मॅनेजर बाईंनी स्वतः लिहिलंय. कुर्तीचे ४८० रुपये या महिन्याच्या पेमेंटमध्ये देत आहेत, तसं पोर्टलवरही दिसायला लागलं. मानधनाबद्दल म्हणतात, क्लायंटला विचारून सांगते. आणि तेच दुकान पुढच्या महिन्यात पुन्हा करणार का असंही विचारलंय. माझं नाव त्या दुकानातून निदान तीन महिने तरी बाद असायला हवं ना? ब्रीफमध्ये तसं लिहिलेलं आठवतं. आणि गेले तरी सेल्सगर्ल ओळखणार, तिनं मला दोन कुर्त्या घालून दाखवायला लावल्या होत्या.

---

जुनी_शेड्युलर (पुणे)

पैसे सुटले हे वाचून फार बरं वाटलं.

त्या दुकानाला सरळ नाही म्हणा आणि कारण लिहा, "ब्रीफमध्ये शॉपर बदलण्याची अट आहे, शिवाय तिथली कर्मचारी मला ओळखेल." रिपोर्ट नाकारला म्हणून तुमची भेट झालीच नाही असं त्यांच्या सिस्टीमनं धरलं असेल, म्हणून तुमचं नाव पुन्हा वर आलं. हे तुम्ही दाखवून दिलंत तर त्यांचाच फायदा आहे, नाहीतर तोही रिपोर्ट बाद होईल. त्याच मेलमध्ये जयसिंगपूर, सांगली, तासगावचं दुसरं काम मागून घ्या, आणि संध्याकाळच्या भेटी कुठल्या गावांपर्यंत जमतात तेही एकदाच लिहून द्या, म्हणजे दर वेळी फोनवर समजावत बसायला नको.

मानधनाचं "विचारून सांगते" असं मोकळं सोडू नका. उत्तर कधीपर्यंत येईल ती तारीख मागा. त्या तारखेला उत्तर आलं नाही तर त्याच मेलखाली एक ओळ टाका, नवीन मेल उघडू नका. सगळं एका खाली एक राहू द्या.